नाबोथाचा नकार

नाबोथाची गोष्ट आपण अर्धीच ध्यानात ठेवतो. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा बळकावला, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु राजाने आधी मळ्याची किंमत देऊ केली होती, बदल्यात अधिक चांगला मळा देण्याचीही त्याची तयारी होती, हे आपण विसरतो. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. तो नकार हाच त्याचा अपराध ठरला.

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या वर्षारण्यातील आदिवासींचा अपराधही तोच आहे. त्यांच्या भूमीखाली खनिज तेल आहे. सारायाकू येथील किचवा लोकांना न विचारता सरकारने १९९६ साली त्यांचा प्रदेश एका परदेशी कंपनीला तेलशोधासाठी दिला. कंपनीने मदतीची आमिषे दाखविली. गावाने ती नाकारली. तेव्हा २००२-०३ मध्ये सैन्याच्या संरक्षणात माणसे आली आणि त्या रानात सुमारे १,४०० किलो स्फोटके पेरली गेली. गाव न्यायासाठी झगडत राहिले. अखेर २०१२ साली आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने सरकारला दोषी ठरविले.

मूठभर लोकांच्या हट्टापायी देशाने दरिद्री राहावे काय, असे काही शहाणे विचारतात. इक्वेडोर १९७२ पासून तेल निर्यात करीत आहे. लागो आग्रिओच्या परिसरात तेलविहिरींचे विषारी सांडपाणी वर्षानुवर्षे ओढ्यांत आणि उघड्या खड्ड्यांत सोडले गेले. तेलाने दारिद्र्य हटत असते, तर या विहिरींच्या काठी राहणारे लोक सर्वांत सधन व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अ‍ॅमेझॉनचे प्रांत त्या देशातील अत्यंत गरीब प्रांतांपैकी आहेत.

ख्रिस्तसभेने या भानगडीत का पडावे, असाही एक सूर निघतो. त्याला बिशप आलेहान्द्रो लाबाका आणि सिस्टर इनेस आरांगो यांनी प्राण देऊन उत्तर दिले आहे. तेल कंपन्यांच्या वाटेत उभ्या असलेल्या तागाएरी जमातीचे शिरकाण होईल, या चिंतेने २१ जुलै १९८७ रोजी ते दोघे हेलिकॉप्टरमधून त्या रानात उतरले आणि तागाएरींच्या भाल्यांनी मारले गेले. म्हणून तागाएरी रानटी ठरतात काय? आकाशातून उतरणाऱ्यांत शत्रू कोण आणि मित्र कोण, हे त्यांनी कसे ओळखावे? पोप लिओ चौदावे यांनी २०२५ साली या दोघांच्या जीवनार्पणाला मान्यता दिली आहे. आदिवासींना भूमी ही विक्रीची वस्तू नसून देवाचे आणि तेथे विसावलेल्या पूर्वजांचे देणे वाटते, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले होते. नाबोथाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये इक्वेडोरच्या सुमारे ५९ टक्के मतदारांनी यासुनी अरण्यातील एका मोठ्या क्षेत्राचे तेल भूगर्भातच ठेवावे, असा कौल दिला. उत्खनन थांबविण्यासाठी वर्षाची मुदत होती. मुदत सरली, तरी बहुतेक विहिरी चालूच राहिल्या. आदिवासींना विचारायचे, देशाला विचारायचे आणि उत्तर ‘नाही’ आले की ते ऐकायचेच नाही, याला विचारणे म्हणत नाहीत. ज्याला नकार देण्याचा हक्क नाही, त्याच्या होकाराला काय किंमत?

ईजबेलनेही सारे रीतसर केले होते. उपास जाहीर झाला, सभा भरली, साक्षीदार उभे राहिले, निकाल लागला. नगरातील वडीलधाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. विकासाच्या नावाखाली अशी रीतसर लूट चालली असता गप्प बसणाऱ्या भाविकाने आपण एलियाच्या बाजूला आहोत की त्या वडीलधाऱ्यांच्या, हे स्वतःला विचारावे.