केसांची मागील बाकी



लग्नसराई जवळ आली की आपल्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "आता डाय बंद. यापुढे फक्त मेंदी आणि आवळा." निर्णय चांगला आहे. पण पंधरा दिवसांनी तीच मैत्रीण डोक्यावरून पदर घेऊन भेटते. मुळाशी केस नारिंगी, मध्ये तपकिरी, टोकाला काळपट. एखादीच्या केसांवर चक्क हिरवी झाक. मग सगळा दोष मेंदीला. "पावडरच भेसळीची होती" म्हणून आपण मोकळ्या होतो.

कधी ती भेसळीची असतेही. पण पुष्कळदा मेंदीने तिचे काम चोख केलेले असते. आपण आधीचे खाते बघितलेले नसते, एवढेच.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे 30 सेंटीमीटरचा केस हा दोन ते अडीच वर्षांचा हिशेब झाला. मुळाजवळचा भाग गेल्या महिन्याचा, टोक दोन वर्षांपूर्वीचे. त्या टोकाने दर महिन्याचा डाय सोसलेला असतो. डायमधले अमोनिया आणि पेरॉक्साइड केसाचा वरचा थर उघडतात, मूळचा रंग फिका करतात आणि आत नवा रंग तयार होतो. असा केस सच्छिद्र होतो आणि पुढे काहीही लावले तरी जास्त शोषतो. त्यामुळे एकाच वाटीतली मेंदी एकाच डोक्यावर तीन रंग दाखवते. ही मागील बाकी पुढे ओढली जाणारच.

मेंदी केस कधीच फिका करत नाही. ती फक्त आपला तांबूस-नारिंगी रंग वर चढवते. पांढऱ्या केसावर तो नारिंगी दिसतो, काळ्यावर उन्हात जरा लालसर, आणि उडालेल्या डायवर दोन्हींची खिचडी. नीळ, म्हणजे इंडिगोची पाने, निळा रंग देतात. म्हणून आधी मेंदी, ती धुऊन मग नीळ, अशी पद्धत आहे. तांबूस आणि निळा मिळून काळपट होतो. मेंदीची पायरी गाळून डाय उडालेल्या पिवळट केसांवर नुसती नीळ लावली तर काय होईल? पिवळा आणि निळा मिळून हिरवा, हे चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्याच शिकलो आहोत. शिवाय नीळ धुतल्याबरोबर हिरवट दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. घाबरून त्याच संध्याकाळी वरून पुन्हा डाय थापू नये.

आता खरा मुद्दा. आपण जैन बायका बिस्किटाचा पुडा उलटासुलटा करून बघतो. जिलेटिन आहे का, कांदा-लसूण पावडर आहे का, हिरवा ठिपका कुठे आहे. मग मेंदीच्या पाकिटावर हिरवे पान दिसले की चष्मा का काढून ठेवतो? शुद्ध मेंदी काळी नसतेच. जी 'काळी मेंदी' अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करते, तिच्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायमाइन असते. डायमध्ये असते तेच. त्याने काहींच्या टाळूला खाज, पुरळ, चेहऱ्याला सूज येते. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. त्यावर नंतर पेरॉक्साइडचा डाय लावला तर केस तापून तुटूही शकतात. अशा पाकिटावर 'हर्बल' छापणे मला सरळ असत्य वाटते. पण ते न वाचता पुढच्या मैत्रिणीला "अगं, हर्बल आहे, काही होत नाही" असे सांगणाऱ्या आपणही त्यात सामील होतो.

माझे म्हणणे एवढेच. डायवरून मेंदीकडे जायचे तर फणीत आलेल्या केसांची छोटी जुडी बांधा, तिला लेप लावा, धुवा आणि दोन दिवस थांबून रंग बघा. फुकटची परीक्षा आहे. पीपीडी असलेले काही लावायचे असेल तर 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून बघा. पार्लरमध्ये गेलात तर मागच्या दोन वर्षांत काय काय लावले ते त्या मुलीला आधी सांगा. आणि पहिला प्रयोग लग्नाच्या आदल्या दिवशी करू नका.

ज्यांना पांढरे केस तसेच ठेवायचे आहेत त्यांना "म्हातारी दिसतेस" असे म्हणणेही आपण थांबवू या. केशलोच बघताना आपले डोळे भरून येतात, साध्वीजींपुढे आपण मान झुकवतो. आपण संसारी आहोत, तेवढा त्याग आपल्याला जमणार नाही, मान्य. पण घरातल्या सुनेने किंवा जावेने चार रुपेरी बटा तशाच ठेवल्या तर गप्प बसणे तरी आपल्याला जमायला हरकत नाही.