शब्दांचे सांधे

नॉर्वेजियन भाषेंत ‘रॉइक’ म्हणजे धूर आणि ‘फ्रित्त’ म्हणजे मुक्त. हीं दोन पदें जोडून पाटीवर ‘रॉइकफ्रित्त’ असें लिहिलें, म्हणजे तेथें धूम्रपानास मनाई आहे असा अर्थ होतो. पण ‘रॉइक’ हें आज्ञार्थी क्रियापदही आहे. त्यामुळें तींच पदें सुटीं लिहिलीं, तर ‘खुशाल धूम्रपान करा’ असें निमंत्रण होऊन बसतें! मधल्या रिकाम्या जागेनें एवढा अनर्थ घडतो.

संस्कृत समासांची ओळख असलेल्या वाचकांस ही रीत परकी वाटूं नये. दोन्ही भाषांचें मूळ कुळ एकच आहे. ‘स्यूक’ म्हणजे आजारी, ‘हूस’ म्हणजे घर. ‘स्यूकेहूस’ म्हणजे रुग्णालय. मधला ‘ए’ हा केवळ सांधा होय. ‘बार्न’ म्हणजे मूल आणि ‘हागे’ म्हणजे बाग. ‘बार्नेहागे’ म्हणजे बालवाडी. ‘बार्न’ नपुंसकलिंगी असूनही समास पुल्लिंगी होतो, कारण ‘हागे’ पुल्लिंगी आहे. आपल्या ‘देवघरा’चें लिंगही शेवटच्या पदावरूनच ठरतें.

कांहीं समासांत सांधा ‘स’चा असतो, व तो अर्थही सांगतो. मद्याच्या पेल्यास ‘व्हीनग्लास’ म्हणतात. तेथें ‘स’ नाहीं. ‘रो’ म्हणजे तांबडें हें पद पुढें येतांच मात्र ‘रोव्हीन्सग्लास’ होतें. येथें ‘तांबडें मद्य’ हा समास आधीं झाला व पेला मागाहून जोडला, हें त्या ‘स’वरून कळतें. पेल्याचाच रंग तांबडा असेल, तर तें विशेषण निराळें लिहितात.

ओळीच्या शेवटीं शब्द तोडतांना समास सांध्याशीं तोडावा व जोडवर्ण पहिल्या पदाकडे ठेवावा, असा नियम आहे : ‘बार्ने-हागे’. साध्या शब्दांत दोन स्वरांमधलें एकटें व्यंजन पुढच्या ओळीवर जातें. अधिक असल्यास त्यांतील शेवटचें जातें. खरी गंमत ‘नात्त’ म्हणजे रात्र व ‘तोग’ म्हणजे आगगाडी यांच्या समासांत आहे. येथें तीन ‘त’ जवळ येतात. पण एक गाळून ‘नात्तोग’ असें लिहितात. तोच शब्द ओळीच्या शेवटीं तोडला, कीं गाळलेला ‘त’ परत येतो : ‘नात्त-तोग’. पदें विभक्त होतांना ज्याचें त्यास पुरतें दिलें जातें!

इंग्रजीच्या वळणानें पदें तोडून लिहिण्याची खोड वाढत असल्याची तक्रार नॉर्वेंत नेहमीं ऐकूं येते. आपल्याकडील पाट्यांवर व पत्रिकांवरही तीच खोड दिसते. नॉर्वेजियनांचा ‘रोस्ट्रुपे’, म्हणजे ‘तांबडा गळा’, हा एका लहान पक्ष्याचा बहुव्रीहि आहे. युरोपीय वैयाकरणांनीं ही संज्ञाच संस्कृतांतून उचलली. आपला ‘नीलकंठ’ही तसाच. तो ‘नील कंठ’ असा तोडून लिहिला, तर देव नाहींसा होतो व नुसता गळा उरतो. म्हणून घरांतील मुलांचें शुद्धलेखन तपासतांना ऱ्हस्वदीर्घाबरोबर पदांमधल्या जागेकडेही लक्ष असावें.