मूल उशिरां बोलतें तेव्हां

मूल दोन वर्षांचें झालें तरी बोलत नाहीं, अशी चिंता आईनें दाखविली कीं घरांतून ठराविक उत्तर येतें : 'याचा बापहि उशिरांच बोलूं लागला.' पुष्कळदां तें खरेंहि ठरतें. परंतु नुसतें उशिरां बोलणें निराळें आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, निराळी. हा भेद ठाऊक नसल्यामुळें कित्येक घरांत मोलाचीं वर्षें वाट पाहण्यांत जातात.

उशिरां बोलणारें मूल बोट दाखवून चांदोबा मागतें. आपण दाखविलेली वस्तु पाहून पुन्हां आपल्या तोंडाकडे पाहतें. स्वमग्न मुलांत ही देवघेवच बहुधा अल्प असते. हांक मारली तर तें वळत नाहीं, पण पलीकडे खाऊच्या डब्याचें झांकण वाजलें कीं धांवत येतें. (तरीहि कानांची तपासणी करून घ्यावीच.) खेळण्यांतील मोटार चालविण्याऐवजीं तिचें चाकच तें फिरवीत बसतें. आलेले शब्द लोपूं लागले तर मात्र एक दिवसहि दवडूं नये. याचें निदान रक्ताच्या परीक्षेनें होत नाहीं. बालविकासाचे तज्ज्ञ मुलाचें वागणें पाहून आणि आईबापांस खोदून विचारून तें करतात. दोन वर्षांच्या सुमारास तें पुष्कळ मुलांत करतां येतें.

१९४३ सालीं अमेरिकेंतील डॉ. लिओ कॅनर यांनीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ही उणीव जन्मजात असावी असें त्यांनींच लिहिलें. परंतु आईबापांच्या रुक्षतेचाहि उल्लेख केला. पुढें कांहीं दशकें जग पहिलें वाक्य विसरलें आणि दोष आईच्या माथीं आला. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, ग्रंथ लिहून तें मत खोडून काढलें. १९७७ मध्यें इंग्लंडांत जुळ्यांची पाहणी झाली : ११ एकबीज जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही भावंडें स्वमग्न निघालीं, १० द्विबीज जोड्यांत एकाहि जोडींत नाहीं. आनुवंशिकतेचा वांटा मोठा, हें आज निर्विवाद आहे. तरी 'सून नोकरीवर जाते, मुलाशीं बोलायला कोण?' हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतें. तें क्रूर आहे, आणि खोटेंहि आहे.

उपचारांविषयीं स्पष्ट सांगावयाचें तर स्वमग्नता नाहींशी करणारें औषध नाहीं. झोप, फिट्स, अतिचंचलता यांवर औषधें मिळतात, तीं अवश्य घ्यावींत. मूलपेशींच्या महागड्या सुयांवर घर गहाण टाकणाऱ्यांची मात्र आम्हांस कींव येते. खरें काम वाचोपचार, खेळ आणि शिकवण यांनीं, सावकाश होतें. आणि त्यांतील मोठा भाग घरींच होऊं शकतो. २०१६ सालीं गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विशेषज्ञ नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते पालकांस भेटत. मुलाशीं चाललेल्या खेळाचें चित्रण करीत आणि तें पालकांसह बसून पाहत. मुलाचें लक्ष कोठें आहे हें आधीं ओळखावें, त्याच वस्तूविषयीं थोडक्यांत बोलावें, मग थांबावें, एवढेंच शिकवावयाचें. स्वमग्नता गेली नाहीं; पण मुलें आपण होऊन आईबापांकडे अधिक वळूं लागलीं.