गिरणीतल्या पोराचा शब्दकोश

इंग्रजी म्हणजे पुस्तकात छापलेली ती एकच, असे आम्हाला कैक वर्षे वाटत होते. पण वाचकहो, खुद्द इंग्लंडातही बारा कोसांवर भाषा बदलते. साधा पाव घ्या. लँकेशायरकडे तो 'बार्म', मिडलँड्समध्ये 'कॉब', न्यूकॅसलला चपटी 'स्टॉटी'. उत्तरेकडे मुलाला 'बेर्न' म्हणतात, ओढ्याला 'बेक'. यॉर्कशायरात 'लेक' म्हणजे खेळणे. (आपल्या लेकीशी त्याचा संबंध नाही!) आणि गिरणी बंद राहून कामगार घरी बसला, तरी तो 'लेक'च करतो. रिकाम्या हातांना खेळ म्हणायचे, ही छाती कामगाराचीच.

हे शब्द गोळा करणारा माणूसही गिरणीतलाच. जोसेफ राईट, जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचा. सहाव्या वर्षी दगडखाणीतली हत्यारे गाढवगाडीतून लोहाराकडे पोचवायची, सातव्या वर्षी साल्टेअरच्या लोकर गिरणीत डॉफर. डॉफर म्हणजे काय, हे लालबाग-परळच्या जुन्या गिरणी कामगारांना सांगायला नको. भरलेले बॉबिन काढा, रिकामे लावा, दिवसभर.

पंधराव्या वर्षी त्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. १८७० च्या युद्धाच्या बातम्या सोबती मोठ्याने वाचत, हा नुसता ऐके. ते मनाला लागले. रात्रशाळा धरली. पुढे आईच्या घरात आपल्यासारख्याच पोरांना आठवड्याला दोन पेनी घेऊन शिकवू लागला. पै पै जमवून १८७६ साली जर्मनीला निघाला. अँटवर्पपासून हायडेलबर्गपर्यंत चक्क पायी. १८८५ साली डॉक्टरेट, १९०१ साली ऑक्सफर्डला प्राध्यापक.

एवढे शिकूनही १८९२ साली त्याने व्याकरण छापले ते आपल्या विंडहिल गावच्या बोलीचे! मग १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा कोश काढला. सहा खंड, सुमारे सत्तर हजार शब्द.

हे आज आठवले, कारण आमच्या नात्यातली वऱ्हाडची पोरगी शाळेतून रडत आली. 'मले पानी पाहिजे' म्हणाली, तर वर्ग हसला. बाईही हसल्या. संध्याकाळी आम्ही तिला जोसेफची गोष्ट सांगितली. ती गप्प बसून राहिली. मग वही काढली आणि आजीजवळ जाऊन बसली. निजेपर्यंत दीड पान भरले होते. आजी म्हणत होती, "लिव, अजून लय हायेत."