खार्दुंग लाची पाटी

मराठी मध्यमवर्गाने गाडी काढून लडाखला जाऊ नये, असे आम्हांला म्हणायचे नाही. जाण्यापूर्वी तो जो तक्ता बनवतो, त्याविषयी मात्र आमची तक्रार आहे. पुढे छापून येणारे प्रवासवर्णन म्हणजे बहुतेक वेळा हाच तक्ता, क्रियापदांना भूतकाळ चढवलेला.

मनाली, सरचू, लेह, नुब्रा, पँगाँग. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो आणि वाचलेल्या वेळात आणखी एक ‘पॉइंट’ कोंबला जातो. मनाली सुमारे २०५० मीटरवर, सरचू ४२०० मीटरच्याही वर. पहिल्याच रात्री तेथे मुक्काम ठोकणाऱ्याचे डोके रात्रभर ठणकले, तर विरळ हवेला बोल लावण्यात काय अर्थ? अलीकडे जिस्पाला थांबावे, लेहला पोहोचल्यावर एक-दोन दिवस नुसते बसून राहावे, हे शहाणपण सर्वांना ठाऊक असते. पण त्या दिवसांच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहायला आमच्या लोकांचा हात धजावत नाही.

आमच्या मते लेखन याच कोऱ्या रकान्यात सुरू व्हायला हवे. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्य. थंड असले तरी हे वाळवंटच. तिथले सातूचे शेत वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जगते आणि कोणाच्या शेताला पाणी केव्हा, हे गावचा चुरपोन पाहतो. आपल्याकडच्या पाटकऱ्याचा हा दूरचा भाऊबंद किती मराठी प्रवासवर्णनांत भेटतो? आम्हांला एकही आठवत नाही. भेटते ती खार्दुंग लावरची पाटी. तिने वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची सांगितली. प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरली. हे जाहीर होऊनही जुना आकडा वर्णनांतून उतरत राहिला. पाटी वाचणे म्हणजे पाहणे, अशी आमच्या प्रवासलेखनाची समजूत झाली आहे.

विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांच्या ठरवाठरवीचा पार विचका झाला, म्हणून तर १९०७ साली छापला गेलेला ‘माझा प्रवास’ आपण आजही वर्गात शिकवतो. (त्यावरही ‘प्रवासवर्णनाची वैशिष्ट्ये’ असाच प्रश्न काढतो, ते असो.)

कोणी म्हणेल, नोकरदाराला रजा किती मिळते! मान्य. मग ठिकाणे कमी करा. पँगाँग वगळले म्हणून कोणी गुण कापत नाही. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मुळे तेथे मांडलेल्या पिवळ्या स्कूटरवर बसून छायाचित्र काढण्यासाठी एक अख्खा दिवस खर्ची पडतो. त्या वाटेवर डांबर ओतणारे, दगड फोडणारे मजूर अनेकदा झारखंडमधल्या दुमका भागातून आलेले असतात. ते इथवर कसे पोहोचले, हे विचारायला गाडी थांबवावी लागते, आणि तक्त्यात पुढचा थांबा दीड तासावर असतो.