पेटंट म्हणजे वॉचमन नव्हे



गेल्या बॅचमध्ये एका मुलानं विचारलं, "सर, पेटंट मिळालं की आपला धंदा सेफ ना?" मला हा प्रश्न दर बॅचला येतो. नाही रे बाबा. पेटंट म्हणजे दारात उभा केलेला वॉचमन नाही, तो कोर्टात जायचा हक्क आहे. खर्च आपल्याच खिशातून.

माझं सर्जिकलचं दुकान आहे, म्हणून उदाहरण त्याच लाइनमधलं देतो. अमेरिकेत सॅन दिएगोची नुवेसिव्ह नावाची कंपनी. मणक्याचं ऑपरेशन कुशीकडून करताना अवजार कमरेच्या आतल्या स्नायूतून जातं, आणि तिथूनच पायाच्या नसा जातात. पेशंट भुलीखाली, नस दुखावली तरी सांगणार कसा? म्हणून अवजारातून बारीक करंट सोडतात. पायाचा स्नायू किती कमी करंटला हलतो, त्यावरून नस किती जवळ आहे ते कळतं. अशा पद्धतीचं पेटंट नुवेसिव्हकडे होतं.

पण २००८ मध्ये मेडट्रॉनिकनं मणक्याच्या दुसऱ्या पेटंटांवरून नुवेसिव्हवरच केस टाकली. नुवेसिव्हनं उलट दावा केला, की तुमचं नस शोधणारं मशीन आमची पद्धत वापरतं. २०११ मध्ये ज्युरी म्हणाली, दोघांनीही एकमेकांची पेटंटं मोडलीत. नुवेसिव्हला मिळणार ६ लाख ६० हजार डॉलर, आणि देणं निघालं १० कोटींहून जास्त! अपिलात भरपाईचा आकडा रद्द झाला, शेवटी २०१६ मध्ये नुवेसिव्हनं साडेचार कोटी डॉलर देऊन मिटवलं. आठ वर्षं गेली.

कळलं का? स्वतःचं पेटंट असलं म्हणून आपण दुसऱ्याचं मोडत नाही, असं होत नाही. माझं मत विचाराल तर आधी दुसऱ्यांची पेटंटं बघा. आपल्या पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट शोधता येतात. (आणि हो, भारतात उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही, कलम ३ बघा. यंत्राला मिळू शकतं.)

मग प्रोव्हिजनल अर्ज टाका. एकट्या माणसाला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये, वकिलाचे वेगळे. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. तेवढ्यात गिऱ्हाईक पैसे देतंय का ते बघा, नसेल देत तर पुढचा खर्च वाचला. फक्त अर्जाआधी वस्तू जगजाहीर करू नका, नावीन्यच जातं.

त्या मुलानं डेमोचा व्हिडिओ दोन महिन्यांपूर्वीच यूट्यूबवर टाकला होता.