कुलूप आणि वही

‘एन्क्रिप्टेड’ या शब्दाला भुलू नका. टेलिग्रामच्या साध्या चॅटची नि ग्रुपची चावी कंपनीकडंच असते. दोन टोकांचं कुलूप फक्त ‘सिक्रेट चॅट’ला, तेही आपणच लावायचं. व्हॉट्सॲपनं २०१६ साली ते सगळ्यांनाच दिलं. मजकूर झाकला गेला. पण तुमचे ग्रुप, नंबरांची यादी सावकाराच्या वहीत राहतेच. कोर्टानं मागितली की बाहेर!

सिग्नललाही २०१६ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीचं समन्स आलं. हाती काय लागलं? खातं उघडल्याची वेळ नि शेवटचं वापरल्याचा दिवस. बस्स! वहीच नाही, तर दाखवणार काय?

तेव्हा कुलपाआधी वही तपासा. आणि ग्रुपात बसलेला खबऱ्या? त्याला कुठलंच कुलूप अडवत नाही. तो आपला आपणच हुडकायचा.